वाचताना कुठे अडलं का?

गुरुजी, तुम्ही गेल्याची बातमी नाक्यावरच्या फळ्यावर मी लिहिली नाही. पोरं खडू घेऊन दाराशी आली होती. कुसुम म्हणाली, "शालूताई, तूच लिही. तुझं अक्षर गुरुजींना आवडायचं." मी त्यांच्याबरोबर नाक्यापर्यंत गेले, स्टुलावर चढले, खडू फळ्याला टेकवला आणि तसाच काढून घेतला. सत्तेला जाब विचारणारी पत्रकं मी एका बैठकीत लिहिते, आणि तुमच्यासाठी एक ओळ लिहिता येईना. कारण त्याच फळ्यावर मी एकदा तुमच्याविषयी लिहिलं होतं. आख्ख्या नाक्याने ते वाचलं होतं. आणि तुम्हीही.

तो फळा तुम्हाला काय सांगायचा! पण हे वाचणाऱ्या साऱ्यांनी तो पाहिलेला नसेल. लालबागला आमच्या चाळीच्या तोंडाशी, चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर तो टांगलेला आहे. सभा कुठे, नळाला पाणी केव्हा, कुणाचं पोर हरवलं, कोण वारलं, सगळं त्यावर येतं. गिरणी सुटली की माणसं फळ्यापुढे थांबतात, आणि ज्याला वाचता येतं तो ज्यांना येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. हा रिवाज तुम्ही पाडला नाहीत. तुम्ही येण्याआधीपासून तो होता. तुम्ही फक्त त्याची शाळा केलीत.

दिवसभर परळला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवून तुम्ही संध्याकाळी आमच्या व्यायामशाळेच्या खोलीत फुकट वर्ग घ्यायचात. तालमीच्या तेलाचा वास, कोपऱ्यात मुद्गल, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून बसलेली गिरणीवाल्यांची पोरं. त्यांना तुम्ही विरामचिन्हं शिकवायचात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. ज्यांच्या घरात एका खोलीत दोन कुटुंबं राहतात, त्यांना हा माणूस स्वल्पविराम शिकवतो!

तुम्ही पुस्तक उघडतच नव्हता. "स्वल्पविराम म्हणजे चहाचा एक घोट," तुम्ही सांगायचात. "पूर्णविराम म्हणजे कप खाली ठेवला."

"आणि ते दोन टिंबांचं, गुरुजी?" बाबल्या विचारायचा.

"अपूर्णविराम. हॉटेलातला पोऱ्या ओरडतो ना, 'दोन नंबरला घे', आणि आपण कान टवकारतो, आता काय येणार? तो अपूर्णविराम. मग पुढे येतं: एक चहा, एक पाव, एक प्लेट भजी. प्रत्येक गोष्ट सुटी. प्रत्येकीला आपली ओळ, आपला ठिपका. भज्यांवर चहा ओतून आणला तर चालेल का?"

"नाही!" सगळा वर्ग.

"माझ्या बापाला चालेल," बाबल्या म्हणायचा, आणि मग अर्धा तास शिकवणं बंद.

परीक्षा मात्र फळ्यापुढे व्हायची. रोज एका पोराने दिवसाची बातमी फळ्यावर लिहायची. मग सगळ्यांनी बाजूला उभं राहायचं आणि गिरणीतून दमून आलेला जो कोणी पहिला मोठ्याने वाचेल त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्याला मदत करायची नाही. खाणाखुणा नाहीत. त्याला जिथे धाप लागली, जिथे तो चुकीच्या जागी थांबला, तिथे लिहिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करायची. कारण फळा एकदा लिहिला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुसायचा नाही, हा तुमचा नियम. "चूक लोकांसमोर केलीस, तर ती दिवसभर लोकांसमोर राहू दे," तुम्ही म्हणायचात. वाचणारा पुढे गेला की तुमचा प्रश्न ठरलेला: "वाचताना कुठे अडलं का?"

मी पहिल्यांदा तुमच्यापुढे वाचलं ते चौदा-पंधरा वर्षांची असताना. माझी बाराखडी पत्रकांवर झाली. बाबा गिरणीतल्या साच्यावरून घरी येताना सदऱ्याच्या आत पत्रकं आणायचे, भिंतीला चिकटवायचे, उरली तर उशाला घ्यायचे. मला पुस्तकाआधी संपाचं पत्रक वाचता आलं. त्या दिवशी नाक्यावर मी महागाईवरचं आख्खं पत्रक एका दमात म्हणून दाखवलं आणि वाहवा मिळवली. तुम्ही जवळ येऊन म्हणालात, "छान. पण पोरी, लोकांना टाळ्या वाजवायला जागाच ठेवली नाहीस."

मला राग आला. आणि दुसऱ्या दिवशी मी तुमच्या वर्गात जाऊन बसले. पुढे तुमच्या हाताखाली शिकवायलाही लागले. मी जे आज लिहिते, ते लोकांना पोचतं म्हणतात. ते पोचणं तुमचं आहे. त्यातला जाळ माझा असेल.

आपलं भांडण उद्गारचिन्हांवरून सुरू झालं, आठवतं? मी तीन-तीन द्यायची. तुम्ही करंगळीने दोन पुसायचात. "एक पुरे. तीन दिलीस तरी माणूस एकदाच ओरडतो."

"लोक पेटायला हवेत, गुरुजी."

"लोकांना कळायला हवं. कळलं की पेटायचं की नाही ते त्यांचं ते बघतील."

तेव्हा हे भांडण गोड होतं. मग मुंबईवरचा हक्क मागणाऱ्यांच्या घरी प्रेतं आली, द्वैभाषिक राज्य आमच्या डोक्यावर बसवलं गेलं, आणि भांडणातला गोडवा गेला. निदान माझ्या बाजूने गेला. तुम्ही चळवळीच्या विरुद्ध कधीच नव्हता, हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण मीच ते खोटं पसरवलं होतं. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे वाक्य तुमच्या वर्गातल्या पोरांनी जितक्या वेळा लिहिलं तितक्या वेळा कुणी लिहिलं नसेल. "ज्या भाषेचं राज्य मागायचं," तुम्ही म्हणायचात, "ती आपल्या पोरांना नीट वाचता आली पाहिजे. नाहीतर राज्य येईल आणि त्याचे हुकूम दुसरंच कोणी आपल्याला वाचून दाखवील."

हरताळाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. लालबागहून मोर्चा निघायचा होता. मी तुम्हाला म्हटलं, वर्गातल्या मुलांची एक तुकडी करू. त्यांनीच लिहिलेले फलक, त्यांच्याच हातात. बघणाऱ्यांचं काळीज हललं पाहिजे.

"मुलं फलक लिहितील," तुम्ही म्हणालात. "फलक घेऊन चालतील ते मोठे."

"का?"

"रस्त्यावर काय होईल ते तुझ्या हातात नाही."

"मग महाराष्ट्र मागतोय तरी कोणासाठी आपण? याच पोरांसाठी ना?"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात, आणि खडूचे तुकडे डबीत भरायला लागलात.

तुमचं ते 'म्हणूनच' मला भेकडपणाचं वाटलं. म्युनिसिपालिटीची नोकरी सांभाळणं दिसलं त्यात. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर लोकांना थांबायलाच शिकवत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली पाळी सुटायच्या आत, मी नियम मोडून फळा पुसला आणि लिहिलं:

लालबागकरांना सवाल:
● ज्यांचे बाप, भाऊ गोळ्या झेलतात, त्यांच्या मुलांना घरात बसा म्हणणारा शिक्षक कोणाचा?
● जो आपली नोकरी सांभाळतो, तो तुमचा महाराष्ट्र सांभाळील काय?
● अशा माणसाच्या हाती तुमची मुले किती दिवस ठेवणार?

नाव घातलं नाही. घालायची गरज नव्हती. आणि गुरुजी, सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ते उत्तम लिहिलं होतं. अपूर्णविराम योग्य जागी होता. प्रत्येक सवाल सुटा, प्रत्येकाला ठिपका. स्वल्पविराम तिथेच, जिथे ऐकणाऱ्याने मान हलवावी. उद्गारचिन्ह एकही नाही. तुम्ही जे शिकवलंत ते सगळं मी तुमच्यावर वापरलं. लोक वाचत होते आणि कोणी अडत नव्हतं. दिवसभर मी समोरच्या गॅलरीत उभी राहून ते ऐकलं आणि मला फार अभिमान वाटला.

बाबांनी वाचलं तेव्हा ते जेवले नाहीत. एवढंच विचारलं, "गो, त्या माणसान तुझा काय खाल्ल्यान?" मी त्यांना तत्त्वं ऐकवली.

संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखे घोडपदेवच्या घरून चालत आलात. छत्री, खडूची डबी, खांद्यावर पिशवी. पोरं फळ्यापुढे आडवी उभी राहायला बघत होती, पण पोरांनी फळा झाकला जात नाही. आणि तानूमावशी, जिच्या खानावळीत निम्मी चाळ जेवते आणि जिला एक अक्षर वाचता येत नाही, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"आवं गुरुजी, बरं झालं आलासा. सकाळधरनं मानसं वाचत्यात अन् मी आले की गप हुत्यात. काय लिवलंय त्ये वाचा की."

कोणीतरी म्हणालं, "मावशे, राहू दे."

"का? माझ्या नातीचा फळा हाय त्यो. वाचा वो गुरुजी."

तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याने पुसलात, पुन्हा घातलात. आणि वाचलंत. पहिल्या शब्दापासून. अपूर्णविरामावर मान वर केलीत, जशी आम्हाला करायला शिकवली होती. एकेक सवाल सुटा वाचलात. मधे तेवढंच थांबलात जेवढं मी थांबायला सांगितलं होतं. आवाज लपवला नाहीत, चढवला नाहीत. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. माझं लिहिणं इतकं चांगलं कोणी वाचलं नव्हतं, आणि पुन्हा कोणी वाचणार नाही.

"आन् ह्यो शिक्षक कोन म्हनायचा?" मावशीने विचारलं.

"मीच, मावशी."

मावशीच्या नातीने, कुसुमने, ओलं फडकं उचललं. तुम्ही तिचा हात धरलात. "उद्या संध्याकाळपर्यंत राहू दे. नियम आहे." मग पोरांकडे वळून विचारलंत, "वाचताना कुठे अडलं का?"

बाबल्या रडवेला होऊन म्हणाला, "नाही गुरुजी."

"मग चांगलं लिहिलंय," तुम्ही म्हणालात, आणि व्यायामशाळेचं दार उघडलंत.

आजही मला कळत नाही की तुम्ही मला तेव्हा माफ केलंत की शिक्षा केलीत. तुमच्याशी आता यावर भांडता येणार नाही. मला वाटतं तुम्ही दोन्हींपैकी काहीच केलं नाहीत. एका बाईने वाचून दाखवा म्हटलं, आणि तुम्ही वाचून दाखवलंत. तुमच्यासाठी ते एवढंच होतं. एवढंच असणं मला सहन होत नाही.

हरताळाच्या दिवशी मी मुलांना घेऊन निघाले. सगळ्या आया तयार नव्हत्या, पण फळ्यावरचे सवाल कामाला आले होते. कुसुमचा हात माझ्या हातात होता. तिच्या दुसऱ्या हातात तिनेच लिहिलेला फलक. पुढे चालणाऱ्यांतून कोणीतरी ओरडलं, "पोलिसांची गाडी आली!" गाडी आली होती की नाही, मला अजून माहीत नाही. माणसं मागे फिरली. धक्का आला तसा माझा हात सुटला. सुटला म्हणते, पण खरं सांगायचं तर एका क्षणी मी दोन्ही हातांनी झेंडा सावरला. ते मी केलं. झेंडा पडू दिला नाही.

गर्दी विरली तेव्हा रस्त्यावर चपला होत्या आणि एकही पोर नव्हतं. मी परळपर्यंत धावले, परत आले, दवाखान्यात डोकावले, हाका मारत गल्ल्या फिरले. तानूमावशीच्या खानावळीपुढून मी तोंड लपवून गेले. आणि मग व्यायामशाळेच्या खिडकीतून तुमचा आवाज आला.

हरताळ होता. सगळं बंद होतं. तुम्ही मात्र वर्ग उघडून बसला होता, धावणाऱ्या पोराला कुठे धावायचं ते ठाऊक असावं म्हणून. आणि पोरं तिथेच आली होती, एकेक करून, सगळी. बाबल्याचं ढोपर फुटलेलं. कुसुम अनवाणी. तिचा श्वास असा चालला होता की खांदे उडत होते. तुम्ही त्यांना काही विचारलं नव्हतंत. पाट्या दिल्या होत्या आणि शुद्धलेखन घालत होता.

"लिहा. सकाळी, स्वल्पविराम, आई उठते, स्वल्पविराम, चूल पेटवते, स्वल्पविराम…"

प्रत्येक 'स्वल्पविराम' शब्दानंतर तुम्ही स्वतः सावकाश श्वास घेत होता आणि सगळी पोरं नकळत तुमच्याबरोबर घेत होती. सोडत होती. कुसुमचे खांदे खाली येताना मी दारातून पाहिले. इतकी वर्षं तुमच्या हाताखाली राहून मला वाटायचं, तुम्ही थांबायला शिकवता. तुम्ही श्वास घ्यायला शिकवत होता.

तुम्हाला मी दिसले. तुम्ही वाक्य तोडलं नाहीत. शेवटचा शब्द सांगितलात, "पूर्णविराम" म्हणालात, आणि मग माझ्याकडे बघून सतरंजीवरची मोकळी जागा दाखवलीत.

"बस. धापा टाकतेयस."

आणि मी म्हटलं, "मला सभेला जायचंय."

मी बसले असते तर! पोरांच्या ओळीत बसून दोन वाक्यं लिहिली असती, श्वास खाली आला असता, आणि कदाचित तोंडातून 'चुकलं माझं' बाहेर पडलं असतं. मी सभेला गेले. सभेत मी बोलले आणि टाळ्या पडल्या. टाळ्यांना जागा मी बरोबर ठेवली होती.

दुसऱ्या संध्याकाळी फळा रिकामा होता. माझं लिहिणं नियमाप्रमाणे पुसलेलं. मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. जे पुढारी चारचौघांत खोटं बोलले त्यांनी चारचौघांत ते मागे घ्यावं, अशी पत्रकं मी स्वतः लिहिली आहेत. तो फळा रोज पुसला जायचा, रोज कोरा व्हायचा, माझ्या खिडकीतून दिसायचा. आणि मी रोज दुसऱ्याच कोणाला तरी जाब विचारत राहिले. आयांनी पोरं गुपचूप तुमच्याकडे परत पाठवली. मी मात्र वर्गात पुन्हा पाय ठेवला नाही. मी त्याला कामाचा व्याप म्हणायची.

नाक्यावर भेटलात तर तुम्हीच बोलायचात. "तुझं पत्रक वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात दम लागतो."

"लढ्यात दम लागतोच, गुरुजी."

"लढणाऱ्याला लागू दे. वाचणाऱ्याला कशाला?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. शेवटच्या महिन्यात पोरं सांगत आली की गुरुजी येत नाहीत, खोकला आहे, तुला विचारत होते. मी म्हटलं, ही सभा झाली की जाते. घोडपदेव लालबागहून काही लांब नाही, गुरुजी. तुम्ही रोज चालत यायचात.

आज मी स्टुलावरून उतरले तेव्हा कुसुमने माझ्या हातातला खडू घेतला आणि ती चढली. बाकीचे खालून सांगत होते. लिहून झालं. गिरणी सुटली, माणसं जमली, कोणी वाचायला पुढे होईना. तानूमावशी बाहेर आली. आज तिने हात धुतलेले होते.

"शालू, तू वाच गं."

पोरं बाजूला जाऊन उभी राहिली, तुम्ही उभी करायचात तशी, माझ्या तोंडाकडे बघत. मी वाचलं.

आपले गुरुजी गेले. अंत्ययात्रा घोडपदेवहून उद्या सकाळी निघेल. येणाऱ्यांसाठी सूचना:
● फुले आणावीत, नसतील तर तसेच यावे.
● घोषणा देऊ नयेत.
● लहान मुलांनी मोठ्यांचा हात धरावा, आणि मोठ्यांनी तो सोडू नये.

तिथे माझा आवाज गेला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुसुम खडू घेऊन पुढे आली. तिला खरंच वाटलं होतं की तिचं काही चुकलं.

"ताई, तिथे अडलीस. स्वल्पविराम नको होता का?"

"बरोबर आहे गं. सगळं बरोबर आहे. मीच अडले."

"का गं?" मावशीने विचारलं.

सगळा नाका ऐकत होता. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी फळ्यावर खोटं लिहिलं होतं. गुरुजींसारखा माणूस आपल्यात नव्हता. आणि हिचा हातही मीच सोडला होता."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. "त्ये आमास्नी ठावं हाय, पोरी. त्यास्नी सांगितलंस का?"

"नाही."

मग कुसुमने माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "ताई, अजून एक ठिपका राहिलाय."

मी मान वर केली, गुरुजी, श्वास घेतला आणि वाचलं:

● हा फळा उद्या संध्याकाळपर्यंत कोणी पुसू नये.